पालथा हात

मे महिन्यात पूर्णा जंक्शनला पाहुणे आले.
दोघे हंगेरीचे, एक पोलंडचा, एक बाई फिनलंडची,
आपापल्या देशातल्या रुळांचे कारभारी.
त्यांच्याकडे आता उन्हाळा वेगळाच यायलाय म्हणे;
अडतीस अंशांतच सरळ रूळ वेलांटी घेतो.
आमच्याकडे पंचेचाळीस म्हणजे
शाळा सकाळची. बाकी सगळं नेहमीचं.

साहेबांनी मला दुभाषी केलं.
सभागृहात ताणाचे आलेख, रंगीत रेघा,
कूलर पाणी संपून नुसताच गरगरत होता.
दुपारी दीड वाजता चुडाव्याच्या अंगाला चालत निघालो.
तिथं मुनीर कीमन उभा,
डोक्याला ओला पंचा, खांद्यावर हातोडा.
मीटरगेजमध्ये भरती झालेला माणूस.
"तव्हा रूळ बारके व्हते, मॅडम, न् साहेब मोठे."
हे मी भाषांतर केलं नाही.

फिनलंडच्या आइनोबाईने बॅगेतून
पिस्तुलासारखं यंत्र काढून रुळावर रोखलं.
मुनीरनं पालथा हात टेकवला,
तापल्या लेकराच्या कपाळाला टेकवतात तसा,
आणि लगेच उचलला.
"बासष्ट."
यंत्र म्हणालं एकसष्ट पूर्णांक आठ.
बाई हसली नाही, वहीत लिहून घेतलं.
मग तिनंही हात टेकवला
आणि जे ओरडली ते फिनिश असावं,
त्याला दुभाषी लागला नाही.

पोलंडच्या साहेबानं विचारलं, सरळ कसा राहतो हा?
मुनीर उकिडवा बसला. स्लीपरच्या टोकापलीकडचा
खडीचा उंचवटा तळव्यानं थोपटला:
"रुळाला दोन्हीकडनं खांदा द्यावा लागतोय.
आन् खांदा आधी द्यावा.
मागून तर काय, समदं गावच देतंय."
मी फक्त खांदा म्हणाले.
त्यांनी माना डोलावल्या.
मागून खांदा देणारं गाव
माझ्याच तोंडात राहिलं.

मुनीरनं तेवढ्यात बाईला विचारून घेतलं,
तुमचे दोन रूळ किती लांब असतेत एकमेकांपून?
आकडा ऐकून रुळावर बोटं ठेवत गेला:
"आपल्यापेक्षा आठ बोटं कमी. बारीक हाय, पण जमंल."
जणू सोयरीक ठरवायची होती.

संध्याकाळी नांदेडला करारावर सह्या झाल्या.
सत्तावीस पानं, चार झेंडे आणि आमचा पाचवा.
मुनीर त्यात सतराव्या पानावर आहे,
'स्थानिक पद्धती' या नावानं, अर्धी ओळ.

जानेवारीत, पहाटे साडेचारला, फोन वाजला.
मी लिंबगावच्या बाजूला थंडीची गस्त तपासत होते,
मुनीर पुढं, कानटोपी, हातात बत्ती.
आइनोबाई. तिकडं रात्रीचा एक, उणे एकतीस.
एका सांध्यापाशी तिला शंका होती,
यंत्र म्हणत होतं, काही नाही.
तुमच्या माणसाला ऐकवू का?

मुनीरनं कानटोपी वर सारून फोन धरला.
ठक्.
"पुन्यांदा म्हणावं."
ठक्.
"जरा अलीकडं."
बाजारात माठ घेताना बाया वाजवून बघतात,
तसं तोंड करून उभा होता अंधारात.
मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाला,
"बद वाजायलाय. गाडी सोडू नका म्हणावं."

मी सांगितलं. पलीकडं वारा.
फोन बंद झाला का बाईच गप्प होती, कळलं नाही.
मुनीर तोवर वीस स्लीपर पुढं गेलेला;
आपला सेक्शन कोण बघणार?

आठवड्यानं तिचा फोटो आला.
बर्फ झाडून उघडा केलेला रूळ, त्यावर केसाएवढी चीर,
शेजारी तिचा हातमोजा, मापासाठी.
चहाच्या टपरीवर मुनीरला दाखवला.
चिरेकडं त्यानं बघितलंच नाही.
दोन बोटांनी फोटो मोठा करत कडेला गेला,
रूळ संपून बर्फ सुरू होतो तिथं.
"बाईनं खडी बरी टाकलीया," म्हणाला,
आणि बशीत चहा ओतला.